मावशीचा कान

नवी खुर्ची आली सोमवारी, आणि सोमवारपासूनच मावशीला दिसेनासं झालं. आता हे असं एका दमात सांगितलं की कुणीही शेंबडं पोर म्हणेल, मग खुर्चीचंच काहीतरी असणार. पण दादाला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला गुरुवार उजाडला. तोवर तो नळ्या धूत होता, स्क्रीन पुसत होता आणि मनातल्या मनात ज्याला त्याला शिव्या घालत होता.

मावशी म्हणजे उंदीर. उंदरीण म्हणा हवं तर. काळीभोर, मुठीत मावेल एवढी, पोटाशी जरा सुटलेली, आणि पिंजऱ्यातून उचललं की जुन्या ओळखीनं हातावर मुतणारी. प्रयोगशाळेत तिला नंबर होता, पण नंबरला कोण हाक मारतं? दादाची सख्खी मावशी घरी आली की अशीच पलंगाच्या कडेला हात जुळवून बसायची, ‘काही नको रे, नुसतं पाणी दे’ म्हणायची आणि मग तासभर हलायची नाही. हिचंही तेच. पाण्याशिवाय हिला दुसरं काही नको होतं, कारण पाणीच तिला मोजून मिळायचं. जनावराला दिसतं म्हणजे त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं, हे शोधायची ती प्रयोगशाळा. दादा तिथला मदतनीस. सगळे त्याला दादाच म्हणायचे, अगदी बाईसुद्धा, आणि बाई तर त्याच्याहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या, शिवाय प्रयोगशाळेच्या मालकीण म्हटल्या तरी चालतील. पोरंपोरी यायची, पीएचडी करायची, जाताना केक कापायची आणि डॉक्टर होऊन निघून जायची. दादा केकचा चिकट सुरा धुऊन परत उंदरांकडे जायचा.

काम असं. मावशीच्या कवटीवर बाईंनी एक बारीक धातूची पट्टी बसवलेली. ती पकडीत आवळली की डोकं हलत नाही. खाली थर्माकोलचा गोळा, त्यावर ती पाय चालवत राहते. समोर डावा आणि उजवा असे दोन स्क्रीन. एकावर रेघा उमटतात, दुसरा कोरा राहतो. ज्या बाजूला रेघा, त्या बाजूची नळी चाटायची. बरोबर चाटली तर पाण्याचा थेंब, चुकली तर नुसता अंधार. रेघा आधी ठळक, मग फिक्या, मग इतक्या फिक्या की माणसानं डोळे फाडले तरी दोन्ही स्क्रीन कोरेच वाटावेत. त्याच वेळी डोक्यात बसवलेल्या केसाएवढ्या तारा मेंदूतली कुरबुर कॉम्प्युटरला सांगत असतात. या सगळ्याला चहूकडून काळा पडदा, आणि पडद्याच्या बाहेर, हातभर अंतरावर, खुर्चीत दादा. त्याच्यापुढे एक छोटा स्क्रीन. त्यावर रेघा कुठल्या बाजूला आहेत ते जाड पांढऱ्या खुणेनं दाखवलेलं, म्हणजे यंत्र बिघडलं तर त्याला कळावं. नळी तुंबली की काडी घालायची, गोळा अडकला की फुंकर मारायची, नाहीतर नुसतं बघत बसायचं. बघत बसायची नोकरी, असं बायको म्हणायची. खोटं नव्हतं.

पण त्या बघत बसण्यातून दोन वर्षांत एक मोठी गोष्ट निघाली होती. जगात कुणाच्या उंदराला दिसत नाहीत एवढ्या फिक्या रेघा बाईंच्या उंदरांना दिसतात, असं निघालं होतं. सहा उंदीर, सहाही तरबेज, आणि मावशी त्यांची पुढारी. बाई ते पुढच्या महिन्यात मोठ्या परिषदेत सांगणार होत्या. पेपर लिहून तयार होता, आणि त्यावर बाईंच्या नावाखाली लगेच दादाचं नाव होतं. आजवर त्याचं नाव शेवटी, आभारात, वीजजोडणीवाल्याच्या शेजारी यायचं. या वेळी बाई आपण होऊन म्हणाल्या, ‘तुझा हात लागला की जनावर शिकतं, दादा. हे काम तुझं आहे.’ आणि खरंच होतं. चष्मिशनं, म्हणजे तिथं पीएचडी करणाऱ्या पोरीनं, हेच उंदीर घेऊन पाहिले होते, तर तिच्यापुढे सगळे ठोंबे. फिक्या रेघा आल्या की नुसते मिशा हलवत बसायचे. ‘दादा, तुम्ही यांच्या कानात काय सांगता हो?’ ती चिडून विचारायची. तो हसायचा, आणि घरी जाताना त्याची छाती दोन बोटं पुढं असायची. हातगुण हा शब्द त्यानं उभ्या आयुष्यात स्वतःबद्दल ऐकला नव्हता. तो त्याला थेट पोटात, जेवल्यासारखा लागला होता.

आणि सोमवारपासून त्याच मावशीनं हात टेकले. ठळक रेघांना जेमतेम उत्तर, फिक्यांना अगदी अंदाजपंचे. मंगळवारी तेच. या आठवड्यात पाळी एकट्या मावशीची होती. दादानं नळ्या बदलल्या, पकड सैल केली, परत आवळली, पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा बदलला. त्या भुशाचा वास त्याच्या शर्टात, घामात, उशीच्या खोळीतसुद्धा बसलेला होता. आता तो वासच त्याला टोचायला लागला. बाई दारातून डोकावल्या. ‘पाणी जास्त पाजतोयस का हिला? तहान नसली की करत नाहीत.’ नऊ वर्षं उंदरांना पाणी मोजून देणाऱ्या माणसाला हे विचारायचं! ‘नाही बाई,’ तो म्हणाला, आणि त्या गेल्यावर रिकाम्या दाराला जे म्हणाला ते इथं सांगण्यासारखं नाही. खोलीत एकच गोष्ट बरी होती, ती म्हणजे नवी खुर्ची. जुनीची पाठ मोडली होती, गादीतून स्पंज बाहेर आलेला. दोन वर्षं मागून मागून तोंड दुखल्यावर ही मिळाली होती. मऊ, हवेवर खालीवर होणारी, हूं का चूं न करणारी. त्या सुखात बसून तो मावशीचं वाटोळं होताना बघत होता.

‘जेवायचं टाकून काय होणारे?’ बुधवारी बायको म्हणाली. ‘उंदराला दिसत नाही म्हणून तुम्ही उपाशी?’

‘तुला नाही कळणार.’

‘मला एवढं कळतं, की तिकडे ती पाणी मिळेना म्हणून तोंड पाडून बसली असेल, आणि इकडे तुम्ही. दोघांना एकाच पिंजऱ्यात घाला म्हणावं बाईंना. माझी तरी कटकट जाईल.’

त्याला हसू आलं नाही. त्याला वाटलं, हिला सांगावं की तो हातगुण गेला. पण गेला हे सांगायला आधी होता हे सांगावं लागतं, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती. म्हणून तो भांडी घासायला उठला, आणि एक ताट इतकं घासलं की बायकोनं ते हातातून काढून घेतलं.

गुरुवारी सकाळी पकडीचा स्क्रू रागारागानं पिळताना त्याच्या कोपराचा धक्का कॅमेऱ्याला लागला. तो कॅमेरा अंधारात मावशीचा डोळा टिपायचा. दोन वर्षं दादा तो डोळाच बघत आला होता, काळा, ओला, मण्यासारखा. आता त्या जागी, छोट्या स्क्रीनच्या कोपऱ्यात, कान आला. नीट करायला उठावं लागणार होतं, आणि त्याला उठायचा कंटाळा आला. राहू दे कान, तो म्हणाला, डोळ्यानं तरी काय उजेड पाडलाय. आणि सुरू केलं. कान पातळ होता, पाकळीसारखा, आत बारीक शिरा. रेघा आल्या. छोट्या स्क्रीनवर पांढरी खूण उमटली, उजवीकडे. आणि कान फिरला. स्क्रीनकडे नाही. मागं. पडद्याकडे. पडद्याच्या पलीकडे हातभर अंतरावर जे काही होतं त्याच्याकडे तो कान उघडा झाला आणि थांबला. काहीच आलं नाही, तेव्हा मावशीनं कुठलीतरी नळी चाटली, चुकली, अंधार झाला. पुन्हा रेघा. पुन्हा कान मागं. दादानं वळून बघितलं, मागं कोण उभं आहे म्हणून. कुणीच नव्हतं. मग त्याचं लक्ष स्वतःकडे गेलं. तो खुर्चीत सरळ बसलेलाच नव्हता. या वेळी खूण डावीकडे होती आणि तो सगळाच्या सगळा डावीकडे कलला होता, उजवं ढुंगण गादीपासून सुटलेलं, मान पुढं, जीभ दातात. वळणावर सायकलवाला कलतो तसा. जणू तो कलला की रेघाही थोड्या जास्त उमटतील. त्यानं स्वतःला सरळ केलं. पुढची खूण उजवीकडे आली, आणि त्याचं अंग त्याला न विचारता उजवीकडे निघालं.

हे त्याला नवं नव्हतं, हेच तर वाईट. वडील संध्याकाळी धाकट्या भावाला समोर उभं करून पाढे विचारायचे. वडील खाली मांडी घालून, त्यांच्या पाठीमागं दादा, आणि धाकटा भेदरून त्यांच्या डोक्यावरून दादाच्या तोंडाकडे बघतोय. सतरा सक्क? दादाचे ओठ हलायचे. एकशे दोन. वडिलांना आवाज जाऊ नये म्हणून तो तोंड एवढं वेडंवाकडं करून आकडे बोलायचा की रात्री जबडा दुखायचा. धाकटा पास. वडील म्हणायचे, ‘याचं डोकं बघ, आणि तू!’ कारण दादाची पाळी आली की वडिलांच्या मागं कुणीच उभं नसायचं, आणि त्याला येत असलेलंसुद्धा घशात बसायचं. धाकटा पुढं मोठा इंजिनियर झाला. चार माणसांत बसला की अजून म्हणतो, ‘माझं पाठांतर पहिल्यापासून पक्कं.’ खोटं बोलत नाही बिचारा. त्याला खरंच तसं वाटतं. ओठ बघितल्याचं तो विसरून गेलाय, आणि ओठ हलवणाऱ्यानं आठवण कशी करून द्यायची? आपण काही दिलं असं दादालाही कधी वाटलं नव्हतं. त्याला फक्त दुसऱ्याचं उत्तर चुकताना बघवायचं नाही. त्याच्या पोटात गोळा यायचा. तो गोळा सरकवायला अंग हलायचं. एवढंच.

जुनी खुर्ची मागच्या बोळात, भंगारात, मोडक्या पंख्याखाली होती. तो तिच्यात बसला आणि डावीकडे कलला. कुर्र. उजवीकडे कलला. काही नाही, नाही म्हणायला माकडहाडात एक बारीक टक लागली, ऐकू न येणारी. त्याला ऐकू न येणारी. उंदराला तर कागदावर मुंगी चाललेली ऐकू येते. दोन वर्षं तो त्या आवाजावर बसला होता, आणि स्वतःच्या घोरण्यासारखा तो त्याला कधी ऐकूच आला नव्हता. त्यानं खुर्ची उचलून खोलीत आणली. मावशीपुढच्या दोन्ही स्क्रीनवर काळं फडकं टाकलं, जाड, दुहेरी. फक्त आपला छोटा स्क्रीन चालू ठेवला. खूण डावीकडे आली, तो कलला, कुर्र झालं, आणि मावशीनं डावी नळी चाटली. उजवीकडे. बरोबर. डावीकडे. बरोबर. फडक्यापुढे, ठार अंधारात, ती धडाधड बरोबर उत्तरं देत सुटली, चार दिवसांची तहान भागवत, आणि दादाला, आता याला काय म्हणावं, दादाला पहिल्यांदा अभिमानच वाटला. शहाणी माझी. केवढी शहाणी. मग पायाच्या अंगठ्यापासून गार पडत आला.

रेघांचं काही नव्हतंच. जगातल्या कुणाच्या उंदराला न दिसणाऱ्या रेघा या उंदरांनाही दिसत नव्हत्या. चष्मिशनं मागं एकदा विचारलं होतं, फिक्या रेघांना यांच्या मेंदूतला बघायचा भाग इतका गप्प कसा? सगळ्यांनी तारांवर ढकललं होतं, आणि दादानंच त्या तारा दोनदा बदलल्या होत्या. त्या बिचाऱ्या खरं बोलत होत्या. आता सांगितलं तर पेपर गेला, नाव गेलं, हातगुण तर सकाळीच गेला होता. आणि सहाही उंदीर गेले. ऐकून उत्तर द्यायची खोड लागलेलं जनावर बघण्याच्या प्रयोगात कुणी ठेवत नाही. शेवटचं इंजेक्शन द्यायचं काम दादाकडेच होतं. न सांगता ही खुर्ची इथंच राहू दिली, तर उद्या सगळं पहिल्यासारखं. कुणाला कळणार होतं? तो मावशीला हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. ती त्याच्या हातावर मुतली. ‘तू तर बोलूच नकोस,’ तो तिला म्हणाला, आणि तिला पिंजऱ्यात ठेवून बाईंच्या खोलीकडे निघाला. चांगुलपणा-बिंगुलपणा काही नव्हता त्यात. त्याला राग आला होता. हात म्हणून ज्याचा गौरव झाला ते ढुंगण निघावं, आणि तेही एकट्यानं मनात ठेवून मरावं, हे त्याला झेपणारं नव्हतं.

बाई ऐकत होत्या तेव्हा त्यांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी टोपण लावून खाली ठेवलं.

‘फडकं दुहेरी होतं?’

‘दुहेरी.’

‘एकटी मावशी, की सगळे?’

‘सगळे त्याच खुर्चीपुढे शिकलेत, बाई.’

त्यांनी टेबलावरचा पेपर उलटा केला. मग एकाएकी हसल्या, आणि ते हसू अर्ध्यात मोडलं. ‘मी जगभर सांगत सुटणार होते, दादा. जगभर. खुर्चीचं.’ मग म्हणाल्या, ‘तुला ती खूण कुणी दाखवली? तो छोटा स्क्रीन कुणाची आयडिया?’

‘तुमची.’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘माझीच.’ आणि पेन पुन्हा उचलत, ‘उद्यापासून त्या खोलीत कुणी बसायचं नाही. सगळं यंत्रावर. तूही नाही.’

तूही नाही. म्हणजे नऊ वर्षं संपली. तरी तो गेला नाही. मान खाली घालून टेबलाची कड नखानं खरवडत उभा राहिला. बाईंनी विचारलं, आता काय? ‘मावशीला एक संधी द्या,’ तो म्हणाला. ‘बाकीच्यांचं मी काही म्हणत नाही. तिला ठळक रेघा दिसतात का, एवढं बघा. रिकाम्या खोलीत. मी नसताना.’

‘आणि दिसल्या तर?’

‘तर तिला दिसतंय, बाई. ऐकत होती तो माझा दोष. तिनं तर सोपं पडलं ते केलं.’

बाईंनी कपाळ चोळलं. ‘ठळक रेघा तिनं एकटीनं ओळखल्या तर ठेवू. पहिल्यापासून शिकवू. नाहीतर मग तू जाणतोस.’

शुक्रवारी दुपारी चष्मिशनं मावशीला पकडीत बसवलं. दादानं फक्त पिंजरा दारापर्यंत नेला. खोलीत खुर्ची नव्हती, जुनी नाही, नवीही नाही; फरशीवर चाकांचे काळे वण तेवढे उरलेले. दार लागलं. बाई आणि चष्मिश शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसल्या. दादाला कुणी ये म्हटलं नाही, आणि येऊ नको असंही म्हटलं नाही, म्हणून तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आत नळीची कळ होती, पाण्याचा थेंब सुटला की खट वाजणारी. बरोबर उत्तराला खट, चुकीला काही नाही. तेवढंच त्याला बाहेर कळणार होतं.

कितीतरी वेळ काही नाही. तो नुसता उभा. डोळ्यांपुढे तो कान यायला लागला, मागं वळलेला, जिथं आता कुणी नाही तिकडे उघडा. अगं पुढं बघ, तो म्हणाला, मनात. पुढं बघ, बये, तिथं आहेत, ढळढळीत आहेत. काही नाही. त्याला तिचा राग आला, खराखुरा, माणसावर यावा तसा. दोन वर्षं आयतं खाल्लंस. मग बाईंचा आला, मग धाकट्याचा आला, मग त्या वडिलांचा, ज्यांनी कधी एकदाही मागं वळून बघितलं नाही. आणि मग आतून, खट.

 बराच वेळ गेला. खट. मग लवकर, खट. मग एकदा चुकली असावी. मग खट, खट, ओळीनं, आणि शेजारच्या खोलीतून चष्मिश ओरडली, ‘बाई, बघतेय ती! खरंच बघतेय!’ आणि बाई म्हणाल्या, ‘श्श. चालू दे. फिक्या लाव.’

सुटली. मावशी सुटली.  दादाला आनंद झाला का? झाला. पण त्याच्या पोटात आणखीही काहीतरी होतं, कडवट, लहान मुलासारखं. म्हणजे तुला येत होतं. पहिल्यापासून येत होतं. मग मला कशाला वाकवलंस दोन वर्षं? दाराआड फिक्या रेघा सुरू झाल्या होत्या. कळ वाजेना. एक गेली, दुसरी गेली. त्याच्या पोटात गोळा जमायला लागला, ओळखीचा, आणि त्यानं पाहिलं तर त्याचा खांदा दाराला लागलेला होता, आणि दार, जुनं लाकडी दार, त्या भारानं बोलायच्या बेतात आलं होतं.

त्यानं खांदा काढून घेतला. अगदी हळू, निजलेल्या पोराखालून हात काढावा तसा. मग चपला हातात घेतल्या आणि अनवाणी निघाला, बोळातून, भंगाराच्या शेजारून, जिन्याकडे. जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. खाली अंगणात पोहोचला, तिथंही थांबला नाही, फाटकापर्यंत गेला, जिथून कुणाचं काहीच कुणाला ऐकू जाणार नाही. तिथं उन्हात उभा राहून त्यानं चपला घातल्या. वरच्या खिडकीत चष्मिश आली, दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडायला लागली. वाऱ्यानं तिचे शब्द दुसरीकडेच गेले. फिक्या दिसल्या म्हणत होती की नाही दिसल्या म्हणत होती, कळेना. त्यानं मान तिरकी केली नाही, कानाशी हात नेला नाही. नुसता हात वर केला, म्हणजे बघतोय म्हणून, आणि होता तिथंच सरळ उभा राहिला.